चाळीस लाख दारे आणि एक पोर्ट: ओनिटी कुलूप प्रकरणाचा अभ्यास

२४ जुलै २०१२ रोजी लास वेगास येथील ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षा परिषदेत कोडी ब्रोशस या चोवीस वर्षांच्या सॉफ्टवेअर विकसकाने हॉटेलच्या खोलीचे इलेक्ट्रॉनिक कुलूप कार्डाशिवाय आणि दारावर ओरखडाही न उमटवता उघडण्याची पद्धत जाहीर केली. कुलूप ओनिटी या कंपनीच्या एचटी मालिकेतले होते आणि त्या वेळी जगभरातील हॉटेलांच्या चाळीस लाखांहून अधिक खोल्यांना ते बसवलेले होते. ते उघडण्यासाठी लागणारे उपकरण आर्डुइनो या, अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्पांसाठी सर्रास वापरतात अशा, छोट्या सर्किट बोर्डवर तयार करता येत होते आणि त्याचा एकूण खर्च ५० डॉलरच्या आत होता.

किल्लीविरहित कुलपांचे फायदे-तोटे सांगताना सहसा दोन याद्या समोरासमोर ठेवल्या जातात. किल्ली हरवण्याची भीती नाही, कोणाला कधीपर्यंत प्रवेश द्यायचा हे ठरवता येते, ये-जा केल्याची नोंद राहते, ही एक यादी; सेल संपतात, किंमत जास्त असते, कोणी तरी यंत्रणा फोडील, ही दुसरी. या याद्या चुकीच्या नसतात, परंतु त्यांतला प्रत्येक मुद्दा सुटा राहत असल्यामुळे घेणाऱ्याला निर्णय करताना त्यांचा फारसा उपयोग होत नाही. ओनिटीच्या प्रकरणात मात्र फायदे आणि तोटे एकाच रचनेतून कसे निघतात हे पायरीपायरीने दिसते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोष सापडल्यानंतर तो कोणी, किती काळात आणि कोणाच्या पैशाने दुरुस्त करायचा या प्रश्नावर संबंधित पक्ष कसे वागले याचा पुष्कळसा वृत्तान्त उपलब्ध आहे. इलेक्ट्रॉनिक कुलूप घ्यावे की नाही याचा निवाडा याच प्रश्नावर व्हावा असे माझे मत आहे. दुकानात मात्र हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

धातूची किल्ली हॉटेलांनी का सोडली

ओनिटीच्या दोषाकडे वळण्यापूर्वी हॉटेलांनी किल्ली का टाकून दिली हे पाहणे न्यायाचे ठरेल, कारण ती केवळ नव्याची हौस नव्हती. हॉटेलच्या खोलीची धातूची किल्ली वर्षभरात शेकडो अनोळखी हातांतून जात असे. त्यांपैकी कोणी नक्कल करून घेतली, कोणी किल्ली खिशात घालूनच गावी गेले, कोणी नोकरी सोडताना परत केली नाही, हे कळण्याचा मार्ग नव्हता. प्रत्येक हरवलेल्या किल्लीमागे कुलपाचा सिलिंडर, म्हणजे किल्ली जिच्यात फिरते ती आतली नळी, बदलणे हा एकच खरा उपाय होता आणि तो खर्चिक असल्यामुळे टाळला जात असे. सर्व खोल्या उघडणारी मास्टर किल्ली हरवली तर अख्ख्या इमारतीची कुलपे बदलावी लागत.

१९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका मोटेलच्या खोलीत शिरून एका प्रसिद्ध अमेरिकन गायिकेवर अत्याचार करण्यात आला. खोलीची सुरक्षितता अपुरी होती या कारणावरून तिने मोटेल चालवणाऱ्या साखळीवर दावा लावला आणि ज्यूरीने तिला सुमारे २५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. पाहुण्याच्या दाराची जबाबदारी हॉटेलवर किती मोठी असू शकते हे या निकालाने सगळ्या व्यवसायाला कळून चुकले. त्याच दशकात नॉर्वेतील टोर सोर्नेस यांनी भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या कार्डावर चालणारे कुलूप तयार केले. कार्डावर भोकांसाठी ३२ जागा होत्या आणि त्यांच्या मांडणीतून सुमारे ४२९ कोटी वेगवेगळ्या किल्ल्या संभवत होत्या. पाहुणा बदलला की कार्ड बदलायचे आणि कुलपाला नव्या कार्डाची ओळख द्यायची, एवढ्याने जुनी किल्ली निरुपयोगी होत असे. सिलिंडर बदलण्याचे काम एका कार्डावर आले, आणि पुढे आलेल्या चुंबकीय पट्टीच्या कार्डांनी तेही काम स्वागतकक्षातल्या एका यंत्रावर आणून ठेवले.

म्हणून ज्या कुलपात २०१२ साली दोष सापडला ते कुलूप मुळात एका गंभीर आणि जुन्या समस्येचे बऱ्यापैकी चांगले उत्तर होते, हे विसरून चालणार नाही.

कुलपाची रचना

एचटी कुलूप कोणत्याही तारेने किंवा जाळ्याने स्वागतकक्षाशी जोडलेले नव्हते. दारावर स्वतंत्रपणे, आतल्या सेलवर ते चालत असे. हजार खोल्यांच्या इमारतीत प्रत्येक दारापर्यंत तार नेणे परवडणारे नव्हते आणि वीज गेली तरी दारे चालली पाहिजेत, ही दोन्ही कारणे त्यामागे होती. कुलूप आणि स्वागतकक्ष यांच्यात संदेश वाहून नेण्याचे काम खुद्द पाहुण्याचे कार्ड करी. कार्डावर क्रमाने वाढत जाणारा एक अंक नोंदलेला असे. नव्या पाहुण्याने आपले कार्ड प्रथम लावले की कुलूप त्या पुढच्या अंकावर सरके आणि आधीच्या पाहुण्याचे कार्ड आपोआप रद्द होई. कोणालाही खोलीपर्यंत न पाठवता किल्ली बदलण्याची ही युक्ती खरोखर सुंदर होती. शिवाय कोणते कार्ड केव्हा वापरले गेले याची नोंद कुलूप आपल्या स्मृतीत ठेवत असे.

आता सेलचा प्रश्न. सेल कधी तरी संपणारच, आणि संपले की कार्ड वाचलेच जाणार नाही. त्यासाठी, आणि कुलपात हॉटेलची माहिती व वेळ भरण्यासाठी, देखभाल कर्मचाऱ्याकडे हातात मावणारे एक उपकरण असे. ते कुलपाच्या खालच्या कडेला असलेल्या छोट्या गोल पोर्टमध्ये, म्हणजे पिन खोचण्याच्या भोकात, जोडायचे. त्यातून कुलपाला वीज मिळे, माहितीची देवाणघेवाण होई आणि गरज पडल्यास दारही उघडता येई. हा पोर्ट दाराच्या बाहेरच्या बाजूला होता, कारण आत जाता येत नाही अशाच वेळी त्याची गरज लागणार होती. कुलपाखाली बोट फिरवले तर तो कोणालाही सापडत असे.

दोष कोठे होता

ब्रोशसने दाखवून दिलेली गोष्ट थोडक्यात अशी. या पोर्टमधून कुलपाच्या स्मृतीतील कोणताही भाग वाचण्याची विनंती केली तर कुलूप विचारणारा कोण आहे याची कसलीही खातरजमा न करता तो भाग वाचून देत असे. त्या स्मृतीतच त्या हॉटेलचा ३२ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३२ अंकांचा, संकेतांक साठवलेला होता. तो वाचायचा आणि तोच परत पाठवून दार उघडण्याचा आदेश द्यायचा, एवढेच काम शिल्लक राहत असे. यंत्राला त्यासाठी साधारण एक पंचमांश सेकंद पुरत होता.

३२ बिटांच्या संकेतांकाच्या शक्यता सुमारे ४२९ कोटी होतात, म्हणजे सोर्नेस यांच्या भोकांच्या कार्डाइतक्याच. कुलूप विकताना हाच आकडा पुढे केला जातो आणि घेणाराही त्याने निश्चिंत होतो. पण जे गुपित विचारल्याबरोबर सांगितले जाते त्याच्या शक्यता चारशे कोटी असल्या काय किंवा चारच असल्या काय, दाराला काही फरक पडत नाही. कुलपाचे बळ संकेतांकाच्या लांबीत आहे, असे समजून आजही कित्येक लोक सहा अंकी पासवर्डऐवजी आठ अंकी पासवर्डचे मॉडेल जास्त पैसे मोजून घेतात; तो संकेतांक कोठे साठवला आहे आणि कोणाला वाचता येतो, हे विचारत नाहीत.

येथे एक बारकावा नोंदवण्याजोगा आहे. हा पोर्ट कोणाच्या निष्काळजीपणामुळे राहून गेलेला नव्हता. किल्लीविरहित कुलपाच्या सर्वांत प्रसिद्ध तोट्यावर, म्हणजे सेल संपण्यावर, योजलेला तो उपाय होता. वीज पुरवण्याचा मार्ग आणि आदेश देण्याचा मार्ग रचनाकारांनी एकत्र केले आणि आदेश देणाऱ्याची ओळख पटवण्याची पायरी ठेवली नाही. देखभालीचे उपकरण फक्त आपल्याच माणसांच्या हातात राहील हे त्यामागचे गृहीत होते, आणि ते ज्या काळात धरले गेले त्या काळात तशा प्रकारचे उपकरण घरी बनवणे खरोखर अवघड असेल. कुलूप दारावर वीस वर्षे राहते. तेवढ्या काळात गृहीत टिकत नाही.

ब्रोशसने फोर्ब्स या नियतकालिकाच्या एका पत्रकाराबरोबर न्यूयॉर्कमधील तीन हॉटेलांच्या दारांवर हा प्रयोग केला तेव्हा एकच दार उघडले, तेही दुसऱ्या प्रयत्नात. कंपनीनेही सुरुवातीला ही पद्धत बेभरवशाची आणि अमलात आणायला गुंतागुंतीची असल्याचे सांगितले. परंतु ब्रोशसने आपला लेख आणि प्रोग्रॅम दोन्ही खुले केले होते. काही महिन्यांतच इतर सुरक्षा-तज्ज्ञांनी तेच उपकरण व्हाइटबोर्डवर लिहिण्याच्या मार्करच्या नळीत बसवून दाखवले, आणि ते आता भरवशाने काम करत होते.

आधी कळवायचे की नाही

ब्रोशसने परिषदेपूर्वी कंपनीला कळवले नव्हते. दोष सॉफ्टवेअर बदलून जाणारा नाही, लाखो कुलपांचे सर्किट बोर्ड बदलावे लागतील, त्यामुळे आधी कळवूनही फारसे काही साधणार नाही, अशी त्याची भूमिका होती. त्याच्यावर टीका झाली आणि ती मला रास्त वाटते. सहा महिन्यांची पूर्वसूचना मिळाली असती तर निदान मोठ्या हॉटेलांना ते पोर्ट बंद करून घेता आले असते.

तरीही सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. तो आधी ज्या छोट्या कंपनीत काम करत होता तिने हॉटेलांसाठी सामायिक कुलूप-व्यवस्था तयार करण्याच्या उद्देशाने ओनिटीच्या कुलपाचा अभ्यास केला होता, आणि त्यातून मिळालेले ज्ञान तिने कुलूपदुरुस्तीचे प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेला २०,००० डॉलरला विकले होते. पोलीस व तपासयंत्रणांच्या लोकांना ही संस्था शिकवत असे. म्हणजे ज्या दिवशी हा दोष जगजाहीर झाला त्याच्या आधीपासून तो काही लोकांना पैसे देऊन माहीत होता आणि हॉटेलमधला पाहुणा तेवढा अंधारात होता. जाहीर झालेला दोष चोरांना मदत करतो, हे खरे आहे. दडवून ठेवलेला दोष कोणाला मदत करतो हे मोजताच येत नाही.

ह्यूस्टनची खोली

सप्टेंबर २०१२ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन येथील हयात साखळीच्या एका हॉटेलात एक महिला पाहुणी आपल्या खोलीत परतली तेव्हा तिचा लॅपटॉप नाहीसा झालेला होता. दार तोडल्याची कोणतीही खूण नव्हती. अशा वेळी संशय कोणावर जातो हे जगात सगळीकडे सारखेच आहे: खोली झाडणाऱ्या, चादरी बदलणाऱ्या, म्हणजे ज्यांच्याकडे दार उघडण्याचे साधन असते त्या सफाई कर्मचाऱ्यांवर.

व्यवस्थापनाने कुलपाची स्मृती तपासली. त्या वेळेत सफाई कर्मचाऱ्यांपैकी कोणाचीही किल्ली वापरलेली नव्हती. याच तपासातून शंका पोर्टकडे वळली. पुढे पोलिसांनी चोरीचा माल गहाण ठेवून पैसे देणाऱ्या दुकानापर्यंत माग काढून सत्तावीस वर्षांच्या एका तरुणाला पकडले. नोव्हेंबरमध्ये ही बातमी प्रसिद्ध झाली आणि ओनिटीच्या दोषाचा प्रत्यक्ष गुन्ह्यात वापर झाल्याचे हे पहिले गाजलेले उदाहरण ठरले.

या घटनेवर जास्त थांबण्याचे कारण आहे. ज्या कुलपाने पाहुणीच्या वस्तूचे रक्षण केले नाही त्याच कुलपाने सफाई कर्मचाऱ्यांच्या अब्रूचे रक्षण केले. धातूच्या किल्लीच्या काळात तेथे त्यांच्यापैकी कोणाची नोकरी गेली असती, कदाचित पोलीस चौकीच्या फेऱ्याही झाल्या असत्या, आणि आपण त्या खोलीत गेलोच नव्हतो हे सिद्ध करण्याचे कोणतेही साधन त्यांच्या हाती नसते. किल्लीविरहित कुलपाच्या फायद्यांच्या यादीत 'नोंद राहते' हा मुद्दा मालकाच्या सोयीचा म्हणून येतो. कोण आले, कोण गेले हे मालकाला फोनवर कळते, असे त्याचे वर्णन असते. नोंद ही संशयिताच्या बाजूनेही साक्ष देते, ही बाब मला या कुलपांच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा वाटते, आणि जाहिरातींत ती जवळजवळ कधीच आढळत नाही.

अर्थात नोंदीची साक्ष मर्यादित असते. कोणते कार्ड लागले एवढेच तिला ठाऊक असते. ते कोणाच्या हातात होते हे नाही. सगळ्या मजल्यासाठी एकच कार्ड दोघी-तिघींत फिरत असेल तर नोंद असून नसल्यासारखी होते.

ह्यूस्टनचा प्रकार एकटा राहिला नाही. ॲरिझोना आणि आसपासच्या राज्यांत एका चोराने असेच उपकरण गॉगलच्या डबीत बसवून बराच काळ हॉटेलांच्या खोल्यांत चोऱ्या केल्या. तो पकडला गेला आणि त्याला शिक्षाही झाली. अनेक गावांत, अनेक साखळ्यांच्या हॉटेलांत तो फिरला आणि सगळीकडे त्याला तेच उपकरण पुरले, हे येथे लक्षात घ्यायचे. पारंपरिक कुलूप उघडणाऱ्याला प्रत्येक दाराशी नव्याने हातकौशल्य दाखवावे लागते. इलेक्ट्रॉनिक कुलपातला दोष एका नमुन्यात सापडला की त्या नमुन्याच्या सगळ्या दारांत सापडलेला असतो.

दुरुस्तीचा खर्च

कंपनीने ऑगस्ट २०१२ मध्ये दोन मार्ग पुढे केले. पहिला विनामूल्य होता: पोर्टमध्ये आतून बसणारे एक झाकण आणि कुलपाचे आवरण सहज उघडता येऊ नये म्हणून नेहमीपेक्षा वेगळ्या खाचेचा टॉर्क्स स्क्रू. दुसरा मार्ग कुलपाचा सर्किट बोर्ड अथवा त्यातले फर्मवेअर, म्हणजे कुलूप चालवणारा आतला प्रोग्रॅम, बदलण्याचा होता. दोषाचे मूळ त्यानेच जाणार होते, परंतु त्याचा खर्च हॉटेलने करायचा होता. बोर्ड, वाहतूक, प्रत्येक दाराशी बसून काम करणाऱ्या माणसाची मजुरी, हे सगळे शेकडो खोल्यांनी गुणले की आकडा केवढा होतो याची कल्पना हॉटेल न चालवणाऱ्यालाही करता येईल.

झाकणाचा उपाय दिसायला हास्यास्पद वाटला तरी तो अगदी टाकाऊ नव्हता. चोराला आता कॉरिडॉरमध्ये उभे राहून कुलूप अर्धवट खोलावे लागणार होते, आणि कॅमेऱ्यासमोर काही मिनिटे घालवणे ही गोष्ट सेकंदाच्या अंशात दार उघडण्यापेक्षा फारच वेगळी आहे. ह्यूस्टनच्या त्या हॉटेलचे व्यवस्थापन पाहणाऱ्या कंपनीने तर इपॉक्सी पुट्टी भरून पोर्ट बुजवून टाकले. भोक बुजवल्यावर देखभालीचे उपकरण कोठे जोडायचे हा प्रश्न त्या कर्मचाऱ्यांना पुढे पडला असणार.

डिसेंबरपर्यंत कंपनीने काही मोठ्या हॉटेल साखळ्यांच्या खर्चाचा वाटा उचलायला सुरुवात केल्याच्या बातम्या आल्या. मोठ्या साखळीच्या मागणीला वजन असते. एखाद्या महामार्गावरच्या चाळीस खोल्यांच्या मोटेलला ते नसते. काही हॉटेलमालकांनी एकत्रितपणे दावाही लावला. २०१४ मध्ये मिनेसोटातील संघीय न्यायालयाने तो फेटाळला, कारण दावेदारांच्या स्वतःच्या हॉटेलांत कोणी शिरून प्रत्यक्ष नुकसान झाल्याचे दाखवता आले नव्हते. कुलूप सदोष आहे हे सर्वांना ठाऊक असूनही चोरी होईपर्यंत नुकसान झाले असे कायद्याला म्हणता येईना, ही स्थिती कुलूप विकत घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी इतकी महत्त्वाची आहे. कुलूप चोरी होऊ नये म्हणूनच घेतले जाते.

दोन उलट टोके

ओनिटीची कुलपे दुरून दुरुस्त करता येत नव्हती. मग इंटरनेटला जोडलेले, फर्मवेअर आपोआप बदलणारे कुलूप हा त्यावरचा तोडगा आहे का? त्याचे एक उत्तर ऑगस्ट २०१७ मध्ये मिळाले. अमेरिकेतील लॉकस्टेट या कंपनीने आपल्या वाय-फायवर चालणाऱ्या कुलपांना नवे फर्मवेअर पाठवले; ते चुकून दुसऱ्याच मॉडेलचे होते. त्यामुळे सुमारे ५०० कुलपांचा अंकफलक बंद पडला आणि ती पुन्हा इंटरनेटवरून दुरुस्त करण्याचा मार्गही त्याच चुकीने बंद झाला. यांतले बरेच ग्राहक एअरबीएनबीवर घरे भाड्याने देणारे होते. प्रत्येक पाहुण्याला वेगळा कोड दुरूनच देता येतो म्हणूनच त्यांनी ही कुलपे घेतली होती. कंपनीने सांगितलेले उपाय दोन: कुलपाचा मागचा भाग काढून पाठवायचा आणि सुमारे आठवडाभर थांबायचे, किंवा बदली भागासाठी दोन ते अडीच आठवडे वाट पाहायची. त्या काळात दारे उघडली ती त्या कुलपांना ठेवलेल्या धातूच्या किल्लीने.

दुसरे उदाहरण सॅफलॉक या, डोर्माकाबा कंपनीच्या हॉटेल कुलपांचे. मार्च २०२४ मध्ये संशोधकांच्या एका गटाने जाहीर केले की ही कुलपे असलेल्या एखाद्या हॉटेलचे कोणतेही एक कार्ड, अगदी मुदत संपलेलेसुद्धा, हाती असेल तर त्यावरून बनवलेली दोन कार्डे एकापाठोपाठ लावून त्याच हॉटेलचे कोणतेही दार उघडता येते. १३१ देशांतील ३० लाखांहून अधिक दारे त्यात येत होती. या गटाने ब्रोशससारखी घाई केली नाही. सप्टेंबर २०२२ मध्येच त्यांनी कंपनीला कळवले होते आणि दीड वर्ष वाट पाहून, तीही सर्व तपशील न उघडता, माहिती जाहीर केली. कंपनीनेही दुरुस्तीचे काम हाती घेतले होते. एवढे सगळे नीट होऊनही मार्च २०२४ पर्यंत जेमतेम ३६ टक्के कुलपे दुरुस्त झाली होती अथवा बदलली गेली होती, कारण प्रत्येक दाराशी माणूस जावा लागतो, सगळी कार्डे बदलावी लागतात आणि स्वागतकक्षातली यंत्रणाही.

या दोन्ही उदाहरणांवरून माझा कल दुरून बदलता येणाऱ्या कुलपाकडे थोडा झुकतो, पण एका अटीवर: त्याच दाराला यंत्रणेशी संबंध नसलेला दुसरा मार्ग असला पाहिजे.

आपल्या दाराशी

गेल्या काही वर्षांत पुणे, मुंबई, ठाणे, नाशिक येथील नव्या इमारतींत बांधकाम व्यावसायिक मुख्य दाराला डिजिटल लॉक बसवूनच ताबा देऊ लागले आहेत. हॉटेलच्या कुलपाचे धडे घराला जसेच्या तसे लागू होत नाहीत. घरी पाहुणे रोज बदलत नाहीत आणि कॉरिडॉरमध्ये घरातल्या माणसांना शेजारी ओळखतात. तरीही ओनिटीच्या प्रकरणातून निघणारे काही प्रश्न येथे नेमके लागू पडतात.

पहिला प्रश्न सेलचा. घरगुती कुलपे बहुधा पेन्सिल सेलवर चालतात, त्यामुळे वीजकपातीचा त्यांच्यावर परिणाम होत नाही, आणि सेल उतरत आल्याची सूचना ती काही दिवस आधीपासून देऊ लागतात. सूचनेकडे दुर्लक्ष झाले तर बाहेरून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवण्यासाठी दोन धातूचे ठिपके किंवा यूएसबीची जागा दिलेली असते. ओनिटीचा पोर्ट आणि हे ठिपके यांतला फरक फार मोलाचा आहे: ठिपक्यांतून केवळ वीज जाते, आदेश जात नाही, वीज मिळाल्यावरही कोड टाकावाच लागतो. यूएसबीची जागा असलेल्या मॉडेलमध्ये ती फक्त विजेसाठी आहे की तीतून कुलपाशी संवादही होतो, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. उत्तर देता आले नाही तर ते मॉडेल सोडून द्यावे, असे माझे सांगणे आहे.

दुसरा प्रश्न बोटाच्या ठशाचा. रेशन दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून खोळंबलेली वृद्ध माणसे महाराष्ट्रात सर्वांनी पाहिली आहेत. वय, भांडी घासणे, सिमेंटचे किंवा शेतीचे काम यांनी बोटांच्या रेषा झिजतात. पावसाळ्यात ओल्या बोटांनीही यंत्र बिथरते. ज्या घरात आजी-आजोबा दिवसा एकटे असतात तेथे ठसा हा एकच मार्ग ठेवणे धोक्याचे आहे. कोड लक्षात राहणार नसेल तर कार्ड गळ्यात किंवा पिशवीत ठेवता येते, आणि धातूची किल्ली असलेले मॉडेल घेतले तर ती किल्ली घराबाहेर, विश्वासू शेजाऱ्याकडे असावी. घरातल्या कपाटात ठेवलेली किल्ली ऐनवेळी कोणाच्याही उपयोगाची नसते.

तिसरा प्रश्न कुलपाच्या मालकीचा. बांधकाम व्यावसायिकाने बसवलेल्या कुलपाचा मूळ व्यवस्थापन-कोड बसवणाऱ्या माणसाला ठाऊक असतो आणि कित्येक घरांत तो कधीच बदलला जात नाही. भाडेकरू बदलताना जुन्या भाडेकरूचे ठसे आणि कार्डे पुसली जात नाहीत. ताबा घेतल्याच्या दिवशीच कुलूप कारखान्याच्या मूळ स्थितीला नेऊन सगळे नव्याने नोंदवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. फर्मवेअरमध्ये दोष आढळला तर तो किती वर्षे विनामूल्य दुरुस्त करून मिळेल, हे वॉरंटीच्या कागदावर लिहून मागावे. कागदावर बहुधा मोटर आणि सर्किट यांचाच उल्लेख असतो.

आणि शेवटी नोंदीचा विषय, जो माझ्या मते सर्वांत हळवा आहे. सकाळी घरी कोणी नसताना स्वयंपाकाला किंवा केरफरशीला येणाऱ्या मावशींना कोड दिला जातो, तेव्हा बहुतेक घरांत तो घरातल्या माणसांचाच कोड असतो. पुढे तोच ड्रायव्हरला आणि सिलिंडर घेऊन येणाऱ्यालाही सांगितला जातो. मग एखादी वस्तू सापडेनाशी झाली की ह्यूस्टनमध्ये सफाई कर्मचाऱ्यांना वाचवणारी नोंद येथे कोणालाच वाचवू शकत नाही. बाजारातल्या बहुतेक मॉडेलमध्ये अनेक कोड देण्याची सोय असते आणि ती वापरायला एक पैसाही जास्त लागत नाही. मावशींना स्वतःचा वेगळा कोड द्यावा, तो दुसऱ्या कोणाला सांगू नये असे त्यांना आणि घरातल्यांनाही बजावावे, त्या कोडाने दार उघडल्याची वेळ नोंदली जाते हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे, आणि वेळ आली तर ती नोंद त्यांनाही मागून पाहता येईल हेही तेव्हाच ठरवून टाकावे.